घेवड्याचे तीन दाणे

मी, टपाल खात्यातला निवृत्त कारकून, वय एक्याऐंशी, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. सून शेजारच्या खोलीत आहे, पण तिचा दबाव गोळ्या घेण्यापुरताच.

एक. राहत्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना समाईक. बँकेतली ठेव एकट्या सुनेला. मुलाने रुसू नये. माझे अंथरूण कोण बदलते ते त्याला ठाऊक आहे.

दोन. शाळेत पाठ केलेल्या कवितांची वही मागेल त्याला द्यावी. कुणी मागणार नाही. आमच्या सामुदायिक भाजीबागेत मी त्या रोपांना म्हणून दाखवत असे. पत्नी हयात असताना म्हणायची, "यमक पुरे, पाणी घाला." तेव्हा बावीस घरांचे वाफे होते, रसायनाची चिमूटही नव्हती आणि शनिवारी सकाळी फाटकापाशी भाजीसाठी रांग लागायची. ती हिरवी सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तीन. कुदळ, खुरपी, झाऱ्या बागेत उरलेल्या तीन घरांनी वाटून घ्याव्यात; कुणाला कुठे माती मिळाली तर. बाग मला कुणाच्या नावे करता येत नाही. मालकाने महिनाअखेर जागा रिकामी मागितली आहे.

चार. बाग का ओस पडली, ते आता सांगतो. गुरांच्या चाऱ्यावर तणनाशक मारलेले असले तर ते शेणातून खतातही उतरते आणि पाने आकसतात. म्हणून नवे खत आले की आधी कुंडीभर घ्यायचे, त्यात घेवड्याचे तीन दाणे पेरायचे आणि पाने सरळ आली तरच ते वाफ्यांत घालायचे, हा आमचा नेम. कुंडीचे काम माझ्याकडे. त्या वर्षी बागेतल्याच शिंपीणबाईंनी भावाच्या गोठ्यातून गाडीभर खत आणले. मला लागवडीची घाई. दाणे न पेरताच मी बागेच्या वहीत लिहिले, "पाने सरळ." महिन्याभरात सगळे टोमॅटो आवळलेल्या मुठीसारखे आकसले. लोक म्हणाले, वहीत तर पाने सरळ आहेत. म्हणजे बाईंनी नमुना एक दाखवला आणि गाडी दुसरीच भरली. बाईंनी त्याच दिवशी वाफा सोडला. मी तिथेच उभा होतो. गप्प. खत मातीत मुरलेले, एकमेकांवरचा भरवसा उडालेला; पुढे एकेक करत बाकीची घरेही गेली.

पुढच्या वर्षी सदऱ्याची कॉलर उलटवायचे निमित्त काढून त्यांच्या दुकानात गेलो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "काका, सदरा देते करून. बागेचं नाव काढू नका." मी काढले नाही. खरे सांगायचे तर मला ते सोयीचे पडले.

पाच. माझ्या पश्चात बागेच्या चिटणिसाने कलम चार त्या तीन घरांसमोर आणि बाईंच्या दुकानात मोठ्याने वाचावे. माझ्या वतीने क्षमा मागू नये. ती द्यायची की नाही, हा विचारही त्यांच्यावर लादायला नको.

हे सर्व चिटणिसाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "काका, दुकान आठपर्यंत उघडं असतं. गाडी आणतो, चला."

मी म्हणालो, "तू सही कर."

लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिला: बागेचा चिटणीस, धंदा नळदुरुस्ती (सही)
साक्षीदार दुसरा: आमचे डॉक्टर, मी शुद्धीत असल्याची खात्री करून (सही)
स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: नऊ ऑक्टोबर, दुपारचे चार