दोन झाडांचं अक्षर

नागासाकी, मेइजी अठ्ठावीस (इ.स. १८९५), जून महिन्याची नववी तारीख

श्रीयुत हायाशी तोकुजिरो यांस,

देवळातून एत्सुदोचे आशीर्वाद. ते परत पाठवायची रीत नाही, तेव्हा ठेवून घ्यावेत. इकडे क्षेम आहे. आवारातलं लुकाटाचं झाड यंदा लगडलं. निम्मी फळं कावळ्यांनी विजयोत्सवात संपवली. आपल्या घरची मंडळी आणि आपलं वृत्तपत्र, दोहोंची प्रकृती उत्तम असावी. वृत्तपत्र रोज सकाळी ओरडतं, त्यामुळे त्याची काळजी नाही.

काल आपल्या विजयशिलेचं अनावरण झालं. शेवटच्या ओळीपाशी प्रांताधिकाऱ्यांनी टोपी काढली, मग आपणही काढलीत. मी मागच्या रांगेतून पाहिलं. त्या ओळीबद्दलच लिहितो आहे. हे पत्र वाचून झाल्यावर तिच्यावर छिन्नी चालवायची की तिला तशीच ठेवायची, हे आपल्याला ठरवावं लागेल.

मजकूर मागायला आपण एप्रिलात आला होतात.

"दादा, चिनी भाषेतच लिहा. दगडावर तीच शोभते."

"चीनला हरवल्याचा मजकूर?"

"मग? त्यात काय?"

"काही नाही. ज्याला झोडपलं त्याचाच अंगरखा घालून मिरवणूक काढायची, एवढंच."

"तुमची जीभ देवळात वाया गेली, दादा. आमच्याकडे नोकरीला या."

निघताना भिंतीवर टांगलेल्या, कोरियन राजदूताच्या हातच्या चिनी अक्षराकडे आपलं लक्ष गेलं. "हे अजून लटकतंय? लोक काय म्हणतील?" त्या एका अक्षरासाठी पणजोबा शिमोनोसेकीपर्यंत चालत गेले होते आणि राजदूताच्या मुक्कामाबाहेर तीन दिवस उभे होते. तेव्हा लोक म्हणाले, भाग्यवान माणूस. आजोबा चिनी भिक्षू बंदरात उतरला की स्वतः झाडू घेऊन रस्ता झाडायचे. इंग्रजांच्या तोफांपुढे चीन वाकल्याचं कळलं तेव्हा वडील दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "बिचारे." भक्तीपासून कीवेपर्यंत यायला आपल्या घराला तीन पिढ्या लागल्या. कीवेपासून थुंकीपर्यंतचं अंतर आपण एकट्याने एका लेखात कापलंत. आणि यंदा चीनशी तह झाला तोही त्याच शिमोनोसेकीत.

माझी संस्कृत बीजाक्षरंसुद्धा चीनच्याच वाटेने आली. मृतांच्या थडग्यांवरच्या लाकडी फळ्यांवर मी ती लिहितो, तेव्हा आपण कधी हरकत घेतली नाहीत. बहुधा वाचता येत नाहीत म्हणून.

आता लिन बाओशान यांच्याबद्दल. बंदरापाशी काढ्याची औषधं आणि साखर विकणारे, साऱ्या गल्लीचे 'अचासान'. लाडाचं नाव ते. गेल्या ऑगस्टात चीनशी लढाई लागल्यापासून पोरं चिन्यांना ज्या नावाने ओरडतात, ते मी या कागदावर उमटवत नाही. आपण दोघं त्यांच्याच दुकानात कुंचला धरायला शिकलो. रेघ वाकडी गेली की ते मनगट धरायचे, सरळ आली की खडीसाखर.

आपण हायाशींच्या घरी घरजावई म्हणून दत्तक गेलात, तेव्हा सगळ्यांत जास्त हसले ते तेच. कागदावर शेजारी शेजारी दोन झाडं काढून म्हणाले, "हे अक्षर आम्ही लिन वाचतो, तुम्ही हायाशी. धाकट्या, आता तू माझ्या घरचा." पुढे टपालवाल्याने घोळ घातलेच, त्यांच्या सुक्या कोळंबीची पुडकी आपल्या सासरी. लढाई लागल्यावर आपण त्यांना निरोप धाडलात, दुकानाची पाटी बदला. त्यांचं उत्तर मीच पोचवलं होतं: "मी आधीपासून आहे. पण झाडं दोन आहेत, एक तू घे."

मग आपला लेख आला, 'बंदरातला हेर'. नाव छापलं नाहीत; छापलं असतं तर ते आपलंच दिसलं असतं. 'चिनी काढेवाला' एवढंच लिहिलंत. गावात चिनी काढेवाला एकच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानावर दगड पडले.

इथून पुढे मला 'आपण' म्हणणं जमत नाही, तोकु.

त्या दुपारी ते देवळाच्या दाराशी आले. हाक मारली नाही. दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'पाऊस थांबेपर्यंत आसरा द्यावा.' बाहेर लख्ख ऊन होतं. चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर मला त्रास नको, म्हणून त्यांनी पाऊस लिहिला, हे मला तत्काळ कळलं. माझा हात अडसरावर होता. तुझ्या लेखाचं शेवटचं वाक्य आठवलं: 'त्याच्याशी कागदावर कुंचल्याने गप्पा मारणारे कोण, तेही शोधून काढावे.' मी हात काढून घेतला. थोड्या वेळाने पावलं गेली.

त्यांच्या डोक्याला दगड लागलाय हे मला ठाऊक नव्हतं, असं मी दहा महिने स्वतःला सांगतो आहे. चिठ्ठीच्या कडेला रक्त होतं. चीनला परतणाऱ्या बोटीवर तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. कप्तानाने हिवाळ्यात येऊन सांगितलं.

म्हणून शिलेची शेवटची ओळ मी अशी लिहिली: 'या गावाच्या हाती कुंचला दिला तो' आणि पुढे दोन झाडं. 'वाटसरू, टोपी काढ.' तू मसुदा वाचलास आणि तुझे कान लाल झाले. "दादा, कुंचला म्हणजे माझं वृत्तपत्र, उल्लेख फार सूचक केलात. उगाच कशाला पण." मी म्हटलं, "राहू दे." पाथरवट मातागोरो तेवढा अडला होता.

"महाराज, ही झाडं हायाशी साहेबांचीच ना?"

"दगडात उच्चार कोरता येतो का रे?"

"नाही बुवा."

"मग तू झाडं कोर."

त्याने छिन्नी उचलली. नेहमीपेक्षा खोल कोरलं आहे त्याने. बोट घालून पाहा.

ते अक्षर फोडलंस तर गाव विचारेल, हायाशीने स्वतःचंच नाव का खोडलं? कारण सांगितलंस तर लेखाची गोष्टही निघेल आणि माझ्या दाराचीही. माझ्याबद्दल खुशाल सांग. मी नाकारणार नाही. गप्प राहिलास तर दर विजयदिनाला त्या दोन झाडांपुढे तुला टोपी काढावी लागेल. काल ती फुकट काढलीस. यापुढे कुणासाठी काढतोस ते तुला माहीत असेल. हे पत्र लिहायचं कारण तेवढंच. ती ओळ खरी वाचू शकेल असा माझ्याखेरीज या गावात एकच माणूस उरला आहे, आणि त्याचंही मनगट त्यांनी धरलं होतं.

चिठ्ठी सोबत ठेवली आहे. इतके दिवस मी सांभाळली, आता तू सांभाळ.

लख्ख उन्हात दार न उघडलेला,
तुझा दादा
एत्सुदो