पदरातलं तूप

बा,

आज माझ्या डब्यातली रोटली वरून कोरडी होती आणि आतल्या पदराला तूप होतं. आता असं करू नका. शेजारच्या मंजुबेनसमोर तुम्ही सासूच्या थाटात म्हणालात, “आमच्या वहूला पंख्याखाली बसवू नका, उडून जाईल.” तेव्हा मीही हसले. पण दिवाळीपासून मी रोज कांकरिया तलावाला फेऱ्या मारते, फाफडा-जलेबी आणि डाळीतला गूळही सोडला, ते काही कुणाच्या लग्नात बारीक दिसण्यासाठी नाही.

माझ्या भावाची, भार्गवची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. माझं त्याला जुळतं. पण वजन उतरल्याशिवाय घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल ते म्हणाले, आता चालेल. तुमच्या केतनना माहीत आहे. तुम्हाला सांगणं मी रोज पुढे ढकलत राहिले.

मूग कुकरमध्ये आहेत, फक्त तेल-मोहरीचा वघार द्या. मी शेवटच्या तपासण्यांना जाते आहे.

आत्ताच भार्गवला फोन केला. त्याने विचारलं, “बेन, सासरी विचारलंस का?”

मी म्हटलं, “विचारलं नाही. मी देणार आहे.”