तारेत बेपत्ता लिहिलंय

कामथडी,
किंक्रांत, १९७२

कारभारी यांस,

लढाई संपून महिना झाला. आपण जिंकलो म्हणून शाळेत पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात तुम्ही बेपत्ता असल्याची तार आली. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते ठाऊक नाही. तरी लिहिते.

काल भामाबाईंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले. हळद लावून झाली आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ येऊन थांबलं.

"लावू का गं, पारू?" त्यांनी विचारलं.

तुमच्या आई मागून म्हणाल्या, "लाव की भामे. तारंत बेपत्ता लिवलंय, गेला न्हाई लिवलं. तुझा दाल्ला जत्रंला जाऊन चार-चार दिस बेपत्ता असतो, तवा तू कुंकू पुसतीस व्हय?"

बायका हसल्या. कुंकू लागलं. घरी येताना आईंनी मात्र वाटभर माझा हात सोडला नाही.

आज आंघोळ करताना मी कपाळाला पाणी लागू दिलं नाही. हे पुसलं, तर माझा हात आपणहून करंड्याकडे जाईल की भामाबाईंसारखा थांबेल, मला कळत नाही.

तुमचीच,
पारू