दुपारचा अलार्म

मेघा,

पहाटे कुठं तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाय. संघपालचं गाडीतलं अंथरूण आणि डबा आणायला चितेगावला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चाललेय. माझ्या लेकाचं सामान मीच आणते.

वरण-भात झाकून ठेवलाय. मीठ जास्त पडलंय, पण सासूच्या हातचं तू मुकाट्यानं खातेस, तसं आजही खा.

तुझ्या मोबाइलमधला दुपारचा अलार्म मी बंद केलाय. तो वाजला की तू अजून फोन हातात घेतेस, मला दिसतं. जेवल्यावर त्याला स्टेअरिंगवर डुलकी यायची, म्हणून तू रोज फोन करून भांडण काढायचीस. "आई, हिच्या शिव्यांनी लई तरतरी येते," म्हणायचा.

त्या दिवशी तुलाच झोप लागली आणि गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. तेव्हापासून तू माझ्याकडं बघत नाय. अगं, दोन रात्री त्याला झोपू दिलं नाय ते मालकानं. माणसाला बायकोच्या फोनवर किती जागं ठेवायचं?

तुझा राग नाय मला. आज झोप. किल्ली माझ्याकडं हाय, दार उघडायलासुद्धा उठू नको.

आई