खालून दुसरं काज

प्रिय बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, काळ्या पेनने आणि ओळी सोडून. आईकडून वाचून घेऊ नका. दुकानाच्या दारात उजेडाला बसा आणि स्वतः वाचा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? दोन वाक्यं झाली की "धर, आईशी बोल." पत्र तसं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही, म्हणून पत्र.

माझं कंपनीतलं वर्ष आता संपत आलं. कॉलेज मधेच थांबवून वर्षभर औषधांच्या प्रयोगशाळेत शिकायला जायचं म्हटल्यावर मामाने घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं ना? पोरीचं वर्ष फुकट जाणार, बरोबरीच्या पोरी पुढे जाणार, एक ना दोन. तुम्ही मशीनवरून मानही वर न करता म्हणालात की कापड पुस्तकात बघून कळत नाही, हातात घ्यावं लागतं. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी पांढरा कोट शिवायला घेतलात.

त्या कोटाचं काय झालं ते मी तुम्हाला धड कधी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी मी तो इस्त्री करून, ऐटीत घालून गेले आणि दारातच अडवली गेले. आमच्या खोलीत सुती कपडा चालत नाही, कारण सुताचे तंतू हवेत उडतात आणि आम्ही डोळ्यांत घालायचे थेंब तयार करतो. एवढासा तंतू बाटलीत गेला तर ती बाटली बाद. तिथे सगळ्यांना सारखे, गुळगुळीत, बेढब झगे देतात. तुम्ही बघितलेत तर शिवणाऱ्याला शिव्या घालाल. तुमचा कोट माझ्या खोलीत खुंटीला टांगलाय, वर्षभर रोज समोर दिसतो.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे थांबाबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. कोरड्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांसाठीचे हे नवे थेंब त्यांचेच, कित्येक वर्षं खपून बनवलेले. माझं काम एवढंच की ते थेंब वर्षभर टिकतात का ते बघायचं. भरलेल्या बाटल्या उबदार कपाटात ठेवायच्या, दर महिन्याला थोड्या बाहेर काढायच्या आणि दिव्याखाली, एकदा काळ्या पडद्यापुढे आणि एकदा पांढऱ्या पडद्यापुढे धरून बघायच्या. पाणी नितळ हवं. काही तरंगताना दिसलं की संपलं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी बाटली चांगली खळखळून हलवली, पडद्यापुढे धरली आणि आत ठिपकेच ठिपके बघून सगळ्या विभागाला बोलावून आणलं. थांबाबाई आल्या, त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली नाही, नुसतं सांगितलं, "थांब. बुडबुडा असेल तो वर जाईल. कचरा असेल तो खाली बसेल. मग बोल." आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो. ठिपके वर गेले आणि नाहीसे झाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण कुणी हसलं नाही. बाईंनी उलट विचारलं की बाटली उजेडाला तिरकी धरायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, माझे बाबा टेलर आहेत, ते गिऱ्हाईकाचं कापड घ्यायच्या आधी दारात नेऊन असंच उजेडाला धरतात, विरळ धागा लगेच कळतो. तेव्हापासून इथे मला सगळे टेलरबाई म्हणतात. बढती मिळाल्यासारखं वाटलं मला!

बाबा, मला ही बाई फार आवडली. जो औषध बनवतो त्याने ते तपासायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. म्हणून मी बाटल्या बघायला बसले की त्या खोलीबाहेर जायच्या आणि काचेपलीकडे, पाठ करून, आपला चष्मा पुसत उभ्या राहायच्या. बाटल्यांवर नुसते आकडे, कुठली कुठून आली ते मलाही ठाऊक नसायचं. मी बाहेर येऊन नितळ म्हटलं की खूश होण्याऐवजी त्या म्हणायच्या, उद्या परत बघ. मनासारखं उत्तर आलं की ते जास्त तपासायचं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला जे हवं असतं ते डोळे लगेच दाखवतात, नको असतं ते दाखवायला त्यांच्या जिवावर येतं.

वर्ष सरत आलं तसा सगळ्यांचा उत्साह वाढत गेला. औषध बाजारात कधी आणायचं त्याची बोलणी सुरू झाली. मीही फोनवर तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगून बसले की पहिली बाटली तुमची. आणि मग एका सकाळी काळ्या पडद्यापुढे मला बाटलीत काहीतरी दिसलं. धुरासारखं, अगदी पुसट. आधी वाटलं बाहेरून काच मळली असेल. पुसली. परत पुसली. मग हलक्या हाताने बाटली फिरवून थांबले. वर काही गेलं नाही. ते सावकाश खाली आलं आणि तळाशी बसलं.

काचेपलीकडे बाई चष्मा पुसत उभ्या होत्या. खरं सांगते, त्या क्षणी मला ते दिसायला नको होतं. इतकं पुसट होतं की मी कानाडोळा केला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण कोणाच्या तरी डोळ्यांत ते जाणार होतं. मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यांनी दुसऱ्या खेपेच्या बाटल्या काढायला लावल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला काहीही न सांगता बघायला बसवलं. त्यालाही तेच दिसलं. मग पहिल्यांदाच त्या स्वतः दिव्याखाली बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. त्या उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं तुला दिसलं. कुणाच्या डोळ्यात जायच्या आधी दिसलं."

एवढंच. ना आवाज चढला, ना चेहरा पडला. वरिष्ठांच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सांगितलं की हे थेंब बाहेर जाणार नाहीत. तिथे कुणीतरी सुचवलं की एवढ्या पुसट गोष्टीचा बाऊ कशाला, तर त्यांनी ती बाटली त्याच्यापुढे ठेवून विचारलं की तुमच्या आईच्या डोळ्यात घालाल का. दुसऱ्या दिवशी मी घाबरतच कामावर गेले, तर त्या माझ्या आधी येऊन बाटल्यांची टोपणं उकलत बसल्या होत्या. टोपणातल्या रबरातून काहीतरी उतरत असणार, त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षांचं काम मागे गेलं आणि ही बाई म्हणते, निदान आता कुठे बघायचं ते कळलं! असं मोठं मन मी दुसरं कुणाचं बघितलेलं नाही. नाही, एकाचं बघितलंय. मामापुढे मशीनवरून मान वर न करणाऱ्याचं.

तर बाबा, पहिली बाटली येत नाहीये. आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते लिहिते. आईने मला सांगितलंय. रागावू नका तिच्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला आणखी एका तपासणीला बोलावलंय आणि तुम्ही महिनोन्‌महिने टाळताय, "पोरीचं औषध येऊ दे, मग बघू" म्हणताय. बाबा, ते थेंब नुसते कोरड्या डोळ्यांचे होते. ते तुमच्यासाठी कधीच नव्हते. मागच्या खेपेला मी घरी आले तेव्हा तुम्ही दिव्याला नावं ठेवत होता, दोऱ्याला नावं ठेवत होता, आणि सुई आई ओवून देत होती. माझ्या कोटाचं खालून दुसरं काज वाकडं आहे. तुमच्या हातचं काज, वाकडं. घाईत झालं असेल असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, रोज समोर बघत असूनही. शनिवारी मी तो कोट घेऊन येतेय. सोमवारी डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, दुकान त्या दिवशी बंद. तुम्हाला भीती वाटते हे मला ठाऊक आहे, मलाही वाटते. बुडबुडा असेल तर वर जाईल. नसेल, तर निदान कुठे बघायचं ते कळेल. मी बाहेर काचेपलीकडे थांबणार नाही हं, आत तुमच्या शेजारी बसणार आहे.

तुमचीच,
टेलरबाई