माळवदावरची माती

औसा तालुका, एप्रिल १९९४

तीर्थरूप आप्पांना आणि आईला शिवकन्याचे शरणार्थ.

मी सुखरूप आहे. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी फार तापतं, पण जेवण वेळेवर मिळतं. आईची कंबर कशी आहे?

पडलेल्या घरांची पाहणी करताना इथे संगमेश्वर नावाचे एक म्हातारे भेटले. त्यांचं घर गावात सगळ्यांत पक्कं मानायचे. तुमच्यासारखेच तेही दरसाल पावसाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायचे. मला म्हणाले, "थेंब गळत नव्हता बघ पोरी. लई जीव लावलता त्या घराला." भूकंपात ती सगळी माती त्यांच्या लेकावर आणि सुनेवर आली.

आप्पा, तुम्ही म्हणता, "आपल्या खाली काळा दगड हाय, हलत न्हाई." इथेही लोक हेच म्हणायचे. कांगडा, बिहार, कोयना हे भूकंप मी कॉलेजात पाठ केले, तेव्हा मलाही ते सगळे दूरचेच वाटले होते.

यंदा माती चढवू नका. जुने थरही उतरवायला हवेत. गळलं तर खाली घंगाळं ठेवू. ती माती आजोबांनी डोक्यावरून वाहिली होती, म्हणून तुम्हाला जड जाईल हे मला कळतं. हे काम गड्यांना सांगू नका. अक्षय तृतीयेला मी येते, पहिली पाटी मीच उतरवीन. शिकलेली पोरगी बापाचं घर उघडं करते असं गल्ली म्हणाली, तर म्हणू द्या.

तोवर आईचं आणि तुमचं अंथरूण अंगणातच असू द्या.

तुमची लेक,
शिवकन्या