माफीचा कागद

आश्विन शुद्ध ३, शके १८६९

किशनला धरून नेलं! रानातली शिंदीची चाळीस झाडं तोडली म्हणून. शिंदीच्या दारूवर निजामाचा खजिना भरतो, तवा झाडंच पाडायची — असा ह्यांचा सत्याग्रह. संगं शेजारच्या धुरपताबाईचा आश्रुबा. दोघंबी परभणीच्या तुरुंगात.

निजाम म्हणतो मी दिल्लीचं ऐकत न्हाई. माझा लेक म्हणतो आमी निजामाचं ऐकत न्हाई. सून कमल माझं ऐकत न्हाई. समद्यांनाच स्वराज्य पाहिजे. म्हैस पिळायला मात्र मी.

शुद्ध ११

आश्रुबा घरी आला. माफीनामा दिला — पुन्हा असं करणार न्हाई, मायबाप सरकार — अन् सुटला. मी ओट्यावरनंच विचारलं, माफी खारट लागते का रं, का अळणी? मान खाली घालून गेला. धुरपतालाबी सुनावलं, लेकाला बांगड्या भर म्हणून. वीस वर्षं आमी दोघी एका जात्यावर दळतो. ती लेकामागं घरात गेली.

शुद्ध १२

धुरपता दळायला आली न्हाई. एकटीनं जातं ओढलं. खांदा गेला.

वद्य ४

तुरुंगात हगवण लागलीय. पूर्णेकडचा एक जण मेला. कमल सकाळधरनं रडायलीय — आत्याबाई, त्यांना म्हणावं द्या लिहून. मी म्हणले, किशन तसला न्हाई. गावापुढं मान ताठ. माझी भाकर मात्र म्हशीला घातली.

वद्य ५

मला पोथी वाचता येते हे गावाला ठाऊक. लिहिता येतं हे ह्या वहीलाच. कमल पाण्याला गेली तशी बसले अन् किशनच्या नावानं माफीनामा लिहिला. खाली त्याची सही, मीच केलेली. धुरपताला बोलले ते समदं आठवत होतं. तरी लिहिला. लेक जिता पाहिजे.

वद्य ७

जिंतूरवरनं मोटारीनं परभणीला गेले. तुरुंगाच्या दारात कारकून बसलेला. कागद दिला. त्यानं वाचला, आपली वही उघडली, अन् हसला.

"बुढी अम्मा, तुमच्या पोराची माफी कवाच आलीय. पुढारी म्हणून त्याचा हुकूम हैदराबादेहून यायचा होता. आला. परवा सोडतो."

आधी वाटलं कुणी तोंडात मारली. मग पाय हलके झाले. माझा कागद तिथंच बारीक फाडला. लिंबाखाली बसले अन् त्याच्यासाठी बांधून नेलेल्या दोन्ही भाकरी मीच खाल्ल्या. वर कांदा. पंधरा दिवसांत एवढी भूक लागली नव्हती! जिता हाय. बास.

वद्य ९

किशन आला. निम्मा झालाय. पाटलाच्या माणिकरावानं हार घातला, म्हणे सरकारला झुकवलं वाघानं. वाघ खाली बघत होता. आश्रुबा लांब उभा होता, जवळ आला न्हाई.

मी काही विचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. ताकभात खाऊन आडवा झाला. घोरायलाय. इतकं गोड कीर्तन मी ऐकलं न्हाई.

वद्य १०

पहाटे मीच धुरपताच्या दारात गेले. म्हणले, जळो माझी जीभ, चल दळायला. किशननंबी लिहून दिलंय.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "एकाच दिशी सही केली दोघांनी. आधी किशननं. आश्रुबानं आल्या आल्या सांगितलं."

"मग मी एवढं बोलले, तवा तोंड का न्हाई उघडलंस?"

"तुझं लेकरू अजून आत होतं."